‘अल्जेब्रा’ : एका शब्दाचा अर्थ आणि प्रवास

मराठी माध्यमाचा विद्यार्थी ज्या विषयाला ‘बीजगणित’ म्हणतो, त्याला उर्दू माध्यमाचा विद्यार्थी ‘अल्जेब्रा’ म्हणतो. जुन्या उर्दू पुस्तकांत याच विषयाचे नाव ‘जब्र-ओ-मुकाबला’ असे आढळते. हे नाव ऐकताच ‘जबरदस्ती’ आठवते. ‘मुकाबला’ म्हणजे तर सामनाच. गणिताच्या एका शाखेला असे दांडगाईचे नाव का मिळावे, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

प्रथम ‘जबरदस्त’ हा शब्द बाजूला काढला पाहिजे. तो फारसी आहे. ‘ज़बर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. उर्दू लिपीत हा शब्द ‘ज़े’ने लिहितात, तर ‘जब्र’ ‘जीम’ने. मराठीत दोन्हींसाठी एकच ‘ज’ असल्याने हा भेद पुसला जातो.

‘जब्र’ हा शब्द अरबी आहे. सक्ती हा त्याचा एक अर्थ आहेच. परंतु मोडलेले सांधणे, उणीव भरून काढणे हा दुसरा अर्थही तितकाच रूढ आहे. मोडलेल्या हाडाला बांधावयाच्या फळीस ‘जबीरा’ म्हणतात. फिक्हच्या ग्रंथांत जबीऱ्यावरून मसह करण्याचे जे नियम येतात, ते याच शब्दाशी निगडित आहेत. गणितात आला तो हा दुसरा अर्थ होय.

हे नाव रूढ केले ते मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी याने. खलीफा मामून याच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३) बगदाद येथे त्याने ‘अल्-किताब अल्-मुख्तसर फी हिसाब अल्-जब्र वल्-मुकाबला’ हा ग्रंथ लिहिला. वारसा, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोकांना उपयोग व्हावा, हा हेतू त्याने प्रस्तावनेत सांगितला आहे. ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसाहक्क यांच्या उदाहरणांनी व्यापलेला आहे. त्यात चिन्हे नाहीत. सारे गणित शब्दांत मांडले आहे. अज्ञात राशीला तो ‘शै’, म्हणजे वस्तू, म्हणतो.

त्यातील एक उदाहरण पाहू. दहाचे असे दोन भाग करावयाचे की, त्यांच्या वर्गांची बेरीज ५८ यावी. एक भाग ‘शै’ मानल्यास दोन वर्ग अधिक १०० उणे २० शै बरोबर ५८, असे समीकरण मिळते. येथे डावी बाजू २० शैंनी ‘मोडलेली’ आहे. ती उणीव भरून काढून उजवीकडेही २० शै मिळविणे म्हणजे जब्र. आता दोन वर्ग अधिक १०० बरोबर ५८ अधिक २० शै झाले. निम्मे केल्यावर एक वर्ग अधिक ५० बरोबर २९ अधिक १० शै उरतात. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखे २९ काढून टाकणे म्हणजे मुकाबला. शेवटी एक वर्ग अधिक २१ बरोबर १० शै राहतात आणि भाग ३ व ७ मिळतात.

याचा अर्थ अज्ञात राशींचे गणित ख्वारिज्मीपासूनच सुरू झाले असा नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ १२ व्या शतकातील असून शाहजहानच्या काळात त्याचे फारसी भाषांतर झाले. मराठीतील नाव त्या परंपरेतून आले. ‘अल्जेब्रा’ हे नाव मात्र बगदादचे.

इ. स. ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोविया येथे रॉबर्ट ऑफ चेस्टर याने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. ‘अल्-जब्र’ हा शब्द लॅटिनमध्ये जवळजवळ जसाच्या तसा गेला; पुढे ‘मुकाबला’ गळाला आणि ‘अल्जेब्रा’ उरला. अर्थ विसरल्यामुळे हे नाव ‘गेबर’ म्हणजे जाबिर नावाच्या विद्वानावरून पडले, असे युरोपात काही जण मानू लागले. स्पॅनिश भाषेने मात्र मूळ अर्थ जपला. तेथे हाड बसविणाऱ्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागात (१६१५) असा एक हाडवैद्य येतो.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम विद्यार्थी पाठ करतो, पण तो का, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. त्याचे कारण या विषयाच्या नावातच आहे. एका बाजूची उणीव भरली, तर तेवढेच दुसऱ्या बाजूलाही द्यावे लागते. शिक्षकाने ‘जब्र’चा हा अर्थ फळ्यावर एकदा उलगडून दाखविला, तर तो नियम विद्यार्थ्याला सक्ती वाटणार नाही.