मुंबईवर लघुग्रह पडणार होता, त्याचं पुढं काय झालं? (वेशीबाहेरच्या आणि वेशीतल्या दगडांचा इतिहास)

फेब्रुवारी २०२५ आठवतोय? "२२ डिसेंबर २०३२ ला मुंबईवर लघुग्रह कोसळणार" हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका दिवसात तीनदा आला. एकानं लोणार सरोवराचा फोटो टाकून खाली लिहिलं, "आता इथं पण असंच." आठवडाभरात सगळं थंड झालं. मग दुसरा मेसेज आला, "खरी बातमी दाबली."

दाबलं काहीच नव्हतं. बातमीही पूर्ण खोटी नव्हती. '२०२४ वायआर४' नावाचा साधारण ६० मीटरचा दगड चिलीतल्या दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ ला दिसला. १८ फेब्रुवारीला नासानं तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के धरली होती. शक्यतेचा पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत होता, म्हणून मुंबईचं नाव आलं. पुढच्या काही दिवसांत मोजमापं वाढली, कक्षा पक्की होत गेली आणि पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जवळपास शून्यावर आली.

पण एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. हा दगड पृथ्वीच्या सगळ्यात जवळून गेला २५ डिसेंबरला आणि सापडला २७ ला. पाहुणा दारावरून निघून गेल्यावर आपण दार उघडलं. असं का झालं, हे समजायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा चारशेहून जास्त लघुग्रह माहीत होते. त्यांचं घर मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, आपल्यापासून लांब. १३ ऑगस्ट १८९८ ला बर्लिनमध्ये गुस्ताव विट यांच्या फोटोच्या काचेवर एक रेघ उमटली. तो दगड मंगळाच्या कक्षेच्या आत, पृथ्वीच्या शेजारापर्यंत येत होता. त्याचं नाव ठेवलं इरॉस. तेव्हा कुणाला भीती वाटली नाही, उलट आनंदच झाला. एवढ्या जवळ येणाऱ्या वस्तूवरून सूर्याचं अंतर नेमकं काढता येणार होतं. १९००-०१ आणि १९३०-३१ मध्ये जगभरच्या वेधशाळांनी त्यासाठी इरॉसचे वेध घेतले.

मग आलं १९३२. मार्चमध्ये बेल्जियमच्या युजीन देलपोर्त यांना आमोर सापडला. एप्रिलमध्ये जर्मनीत हायडेलबर्गला कार्ल राइनमुथ यांना अपोलो सापडला. दोन्ही पृथ्वीच्या जवळ येणारे, पण दोघांत मोठा फरक होता.

तो फरक गावाच्या भाषेत सांगतो. सूर्य म्हणजे गावाच्या मधोमध असलेलं देऊळ. पृथ्वीची कक्षा म्हणजे गावाची वेस आणि त्या वेशीवरून वर्षभर गस्त घालत फिरणारी पृथ्वी.

आमोर वेशीच्या जवळ येतो, पण आत येत नाही. बाहेरूनच वळून परत जातो. त्याच्यासारखे सगळे दगड आमोर गटातले. इरॉससुद्धा यातलाच.

अपोलो बाहेरचा, पण वेस ओलांडून आत शिरतो आणि पुन्हा बाहेर जातो. त्याचं वर्ष आपल्यापेक्षा मोठं, पावणेदोन वर्षांहून थोडं जास्त. आज माहीत असलेल्या पृथ्वीजवळच्या लघुग्रहांत निम्म्याहून जास्त या गटातले आहेत. २०२४ वायआर४ पण अपोलोच.

गंमत म्हणजे हा अपोलो सापडला आणि हरवला! थोडेच दिवस वेध मिळाले, कक्षा पक्की झाली नाही, आणि तो पुन्हा सापडला थेट १९७३ मध्ये. १९३७ मध्ये राइनमुथ यांनाच सापडलेला हर्मीस चंद्राच्या अंतराच्या साधारण दुपटीवरून गेला आणि तोही हरवला. तो परत सापडायला २००३ उजाडलं. दगड दिसणं म्हणजे दगड कळणं नव्हे, हे तिथं समजलं.

तिसरा गट कळायला १९७६ यावं लागलं. एलिनॉर हेलिन या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या छोट्या दुर्बिणीवर पृथ्वीजवळचे दगड शोधायचा नेटानं कार्यक्रम चालवला होता. ७ जानेवारी १९७६ ला त्यांना आटेन सापडला. त्याचं वर्ष आपल्यापेक्षा लहान, ३४७ दिवसांचं. म्हणजे हा मुळात वेशीच्या आतला. काही वेळ आत काढतो, मग वेस ओलांडून बाहेर डोकावतो.

चौथा गट तर या शतकातला. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या लिनियर या शोधमोहिमेला अतिरा सापडला. हा कायम वेशीच्या आत, बाहेर पाऊलच टाकत नाही. हा पाचेक किलोमीटरचा दगड आहे, तरी २००३ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

आता या गटांचा क्रम बघा. १८९८ ला बाहेरचा, १९३२ ला बाहेरून आत येणारा, १९७६ ला आतून बाहेर येणारा, २००३ ला पूर्ण आतला. दगड या क्रमानं जन्मले नाहीत. आपल्याला ते या क्रमानं दिसले. दुर्बीण रात्री चालते. रात्री आपलं तोंड सूर्याच्या उलट बाजूला, म्हणजे वेशीबाहेर असतं. आतले दगड आपल्यासाठी दिवसाच्या आकाशात असतात. त्यांना शोधायला संध्याकाळी आणि पहाटे संधिप्रकाशात थोडा वेळ मिळतो, तोही क्षितिजाजवळ. आजही आटेन कमी आणि अतिरा तर मोजकेच सापडले आहेत, त्याचं एक मोठं कारण हेच.

याची किंमत दिसली १५ फेब्रुवारी २०१३ ला. त्या दिवशी सगळे शास्त्रज्ञ २०१२ डीए१४ नावाच्या दगडाकडे डोळे लावून होते. तो २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधीपासून माहीत होतं, आणि तो ठरल्याप्रमाणे गेला. पण त्याच्या काही तास आधी, रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा वेगळाच दगड हवेत फुटला. काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. तो सूर्याच्या बाजूनं आला होता, कुठल्याच दुर्बिणीला आधी दिसला नाही. २०२४ वायआर४ सुद्धा दिवसाच्या बाजूनंच आला होता.

ऑगस्ट २०२० मध्ये २०२० क्यूजी नावाचा गाडीएवढा दगड हिंदी महासागरावर फक्त २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. पालोमारच्या दुर्बिणीनं तो टिपला, पण जाऊन सहा तास झाल्यावर. तो शोधणाऱ्यांत आपल्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. तो लहानच होता, खाली आला असता तरी बहुधा हवेतच जळून गेला असता. पण आला तो दिवसाच्याच बाजूनं.

दोन गैरसमज मात्र काढून टाकू.

एक, गट म्हणजे धोका नव्हे. वेस ओलांडणारा प्रत्येक जण गस्तवाल्याला धडकत नाही. बहुतेकांच्या कक्षा तिरप्या असतात, ते पृथ्वीच्या वाटेच्या वरून किंवा खालून जातात. दोन्ही कक्षांमधलं अंतर सुमारे ७५ लाख किलोमीटरपेक्षा कमी आणि दगड साधारण १४० मीटरपेक्षा मोठा, तरच तो 'संभाव्य धोकादायक' यादीत जातो. पृथ्वीजवळचे ४० हजारांवर लघुग्रह माहीत आहेत, त्यातले या यादीत अडीच हजारांच्या आसपास.

दोन, गट म्हणजे जन्मकुंडली नव्हे, तो बदलतो. तोच २०१२ डीए१४ पृथ्वीजवळून गेला तेव्हा पृथ्वीच्या ओढीनं त्याचं वर्ष ३६८ दिवसांवरून ३१७ दिवसांवर आलं. गेला तेव्हा तो अपोलोचा आटेन झाला होता. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस याच्या उलट करणार आहे. हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा आटेन टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून, सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल आणि अपोलो होऊन बाहेर पडेल. २००४ मध्ये याच्याबद्दलही २.७ टक्क्यांची भीती होती. २०२१ च्या रडार वेधांनंतर पुढच्या किमान शंभर वर्षांची चिंता मिटली. तिथंही कामाला आलं ते मोजमाप.

म्हणून मला वाटतं, प्रश्न "पडणार का?" एवढाच नाही. "बघतंय कोण, आणि त्यासाठी पैसे देतंय कोण?" हाही आहे. अमेरिकी संसदेनं २००५ मध्ये नासाला सांगितलं होतं, १४० मीटरपेक्षा मोठे ९० टक्के दगड २०२० पर्यंत शोधा. मुदत संपली तेव्हा निम्मेही सापडले नव्हते. आता सूर्याच्या जवळच्या आकाशातही बघू शकणारी 'निओ सर्व्हेयर' ही अवकाश दुर्बीण तयार होतेय. तेही उशिरानंच. आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, ७० सेंटीमीटरची. एवढ्या मोठ्या देशाला अशा आणखी दुर्बिणी परवडणार नाहीत का?

लोणारचा खड्डा १.८ किलोमीटर रुंदीचा आहे, आणि तो आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. तो दगड आला तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. आज आपण आहोत. पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: कुठल्या गटातला? आणि वेध किती दिवसांचे? उत्तर "थोड्याच दिवसांचे" असेल, तर टक्के अजून बदलणार आहेत. तोवर घाबरूही नका, हसण्यावारीही नेऊ नका.