लोटस कॉर्टिना : एका मोटारीचे पाठभेद

'सलून' म्हटले की मराठी वाचकाला केशकर्तनालय आठवते; फार तर इंग्रजी अमलातील बड्या साहेबाचा रेल्वेचा खास डबा. ब्रिटनमध्ये मात्र पक्के छत असलेल्या, चार-पाच माणसांच्या घरगुती मोटारीला सलून म्हणतात. अशा मोटारींच्या शर्यतींचे आकर्षण एका समजुतीवर उभे असते : मैदानात धावणारी गाडी आणि शेजाऱ्याच्या दारातली गाडी एकच आहे. ही समजूत कितपत खरी, हे तपासायला 1963 च्या लोटस कॉर्टिनाइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही.

फोर्डची कॉर्टिना 1962 च्या सप्टेंबरात बाजारात आली. 1198 घन सेंटिमीटरचे इंजिन, जेमतेम 50 अश्वशक्ती. कुटुंबवत्सल माणसाला परवडणारी गाडी. फोर्डच्या ब्रिटिश शाखेच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख वॉल्टर हेज यांना तिच्यासाठी शर्यतीतले यश हवे होते. त्यांनी लोटसच्या कॉलिन चॅपमन यांना गाठले. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 'गट 2' मध्ये मान्यता मिळवायची तर वर्षभरात एकाच नमुन्याच्या 1000 गाड्या बनवणे भाग होते. म्हणजे विकली जाणारी गाडी शर्यतीत उतरली, असे येथे झाले नाही; शर्यतीत उतरता यावे म्हणून गाडी विकावी लागली.

तिचा तांत्रिक तपशील या दृष्टीने वाचावा. इंजिनाचा खालचा भाग फोर्डचा, तर दोन कॅमशाफ्टचे वरचे हेड हॅरी मंडी यांच्या आराखड्याचे. क्षमता 1558 घन सेंटिमीटर; हा आकडा 1600 च्या वर्गमर्यादेकडे डोळा ठेवून ठरलेला. वेबरचे दोन कार्ब्युरेटर, 105 अश्वशक्ती. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे. बॅटरी पुढून उचलून डिकीत ठेवलेली. रंग पांढरा, बाजूला हिरवा पट्टा. किंमत सुमारे 1100 पौंड. बाहेरून कॉर्टिना, आतून जवळजवळ निराळीच गाडी.

खरी कसोटी लागली ती मागच्या चाकांपाशी. मूळ पाट्यांच्या स्प्रिंगा काढून चॅपमन यांनी तेथे वेटोळ्या स्प्रिंगा बसवल्या आणि अॅक्सलला जागेवर धरण्यासाठी इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा सांगाडा दिला. त्याचे टोक डिफरन्शियलच्या अॅल्युमिनियमच्या कवचाला जोडलेले होते. कागदावर ही रचना देखणी होती. प्रत्यक्षात सांगाड्याचा ताण त्या कवचावर येई, बोल्ट ढिले पडत, तेल गळे आणि तेच तेल सांगाड्याचे रबरी बुश खराब करी. शर्यतीच्या संघाला हे निभावता येते, कारण तेथे प्रत्येक फेरीनंतर यंत्रज्ञ हात धुऊन गाडीच्या मागे लागलेले असतात. रोज कामावर जाणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी. अखेर 1965 च्या मध्यास पाट्यांच्या स्प्रिंगा परतल्या.

मैदानावरचा इतिहास मात्र दिमाखदार आहे. सप्टेंबर 1963 मध्ये ओल्टन पार्क येथे पदार्पणातच या गाड्या तिसऱ्या व चौथ्या आल्या. पुढे होत्या त्या फक्त 7 लिटर इंजिनाच्या दोन अगडबंब अमेरिकन गॅलेक्सी. 1964 ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिम क्लार्क यांनी लोटस कॉर्टिनातून जिंकली. आदल्याच वर्षी ते फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले होते. वळणावर आतल्या बाजूचे पुढचे चाक हवेत उचललेली त्यांची गाडी अनेक छायाचित्रांत दिसते. 1965 मध्ये जॉन व्हिटमोर यांनी युरोपीय टूरिंग कार चॅम्पियनशिप मिळवली.

मग खरी लोटस कॉर्टिना कोणती? जुन्या गाड्यांचे रसिक 'ए' सांगाड्याच्या पहिल्या आवृत्तीला मान देतात, आणि आद्य पाठाची ओढ आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तरीही आमचा कौल दुसरीकडे झुकतो. हजार गाड्या विकण्याच्या सक्तीमुळे प्रेक्षकांची समजूत खरी ठरली नाही, हे मान्य; पण त्याच सक्तीमुळे एका प्रतिभावंताच्या रचनेला सामान्य वापराच्या परीक्षेला बसावे लागले. 1965 चा पाठ कमी देखणा आहे. तो वाचकांनी, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांनी, दुरुस्त करून घेतलेला पाठ आहे.