चाकोरी आणि चाक : हिंगोलीच्या काळ्या मातीतून चाकांचा इतिहास

१/ ‘चाकोरीबाहेरचा विचार करा’, असे आपण सहज म्हणतो. परंतु चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेली खोल रेघ. हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या तालुक्यांतील पाणंदींवर पावसाळ्यानंतर ती आजही दिसते. मोटारीला अलॉय व्हील बसवताना आपण जो प्रश्न सोडवतो, तोच या मातीत बैलगाडीच्या मालकाने पिढ्यान्‌पिढ्या सोडवला : माझ्या वाटेला, माझ्या ओझ्याला आणि माझ्या खिशाला कोणते चाक मानवेल? त्या निवडीचा हा इतिहास.

२/ आरंभ दायमाबादपासून करू. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील या स्थळी १९७४ मध्ये धातूच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा सारथी. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुष्कळ जण त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. दख्खनच्या माणसाला चाक आणि बैलजोडी यांचा मेळ किती जुना ठाऊक आहे, याची ही साक्ष. मात्र चाक ठाऊक असणे वेगळे आणि ते रोजच्या कामाला परवडणे वेगळे.

३/ दीर्घकाळ दख्खनमधील बराच माल गाडीतून जातच नसे. तो जाई बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ लादून घाटवाटा व माळराने ओलांडत. जिथे धड रस्ता नाही, तिथे चाक हे साधन न राहता लोढणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे-सोलापूर भागातील ज्या थोड्या गाड्या होत्या, त्या अवजड, भरीव चाकांच्या; काहींची चाके तर दगडाची असत.

४/ १८३० च्या दशकात या चित्रात पहिला मोठा बदल झाला. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे महसुली मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने हलक्या, सुधारित बैलगाड्या बनवण्याचे काम सुरू केले. आऱ्यांचे चाक भरीव चाकापेक्षा कितीतरी हलके. पुढे रस्ते वाढले, तशी अशी गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहू लागली. लक्षात घ्या : चाक आणि रस्ता एकमेकांच्या आधारानेच पसरले.

५/ या चाकाची रचना पाहण्याजोगी आहे. मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर वक्र लाकडी तुकड्यांचे कडे आणि त्यावर लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचे : कठीण, चिवट आणि गावातच मिळणारे. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवत. ती गोवऱ्यांच्या आगीत तापवून प्रसरण पावली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकुंचन पावणारे लोखंड सारे सांधे करकचून आवळून धरी. उन्हाळ्यात लाकूड आटले की धाव सैल होई; मग शेतकरी चाक नदीत किंवा डोहात भिजत टाकी. सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांचे कसब त्या एका चाकात एकवटलेले असे.

६/ आणि वंगण? ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. हा नळा म्हणजे गाडीला टांगलेली वंगणाची नळी. लाकडी चाक आखावर घासत फिरे, म्हणून वंगणावाचून प्रवास अशक्य. गाडी जत्रेला निघाली की नळाही आपसूक जाई. वाहनाच्या देखभालीतली एक साधी वस्तू अशी भाषेत अमर झाली.

७/ आता हिंगोलीकडे वळू. निजामाच्या राज्यातील हे गाव हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्णा जंक्शनहून मीटरगेज रेल्वे येथवर पोहोचली. रेल्वेमुळे बैलगाडी संपली का? नाही. शेतातून बाजारापर्यंत आणि बाजारातून स्थानकापर्यंत कापूस व धान्य वाहणार कोण? गाडीच. मात्र गाडी एकदा वाटेला लागली की चाकोरीचा नियम लागू होई : दोन चाकांतील अंतर इतरांच्या गाड्यांशी जुळले पाहिजे. वेगळ्या मापाच्या गाडीचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर. म्हणजे गाडी कलंडण्याची भीती आणि बैलांच्या मानेचे हाल. चाकाची निवड मालकाची खरी, पण त्याचे माप गावाच्या वाटेने ठरवलेले असे.

८/ मग मोटार आली आणि बैलगाडी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. अरुंद लोखंडी धाव सारे ओझे एका बारीक पट्टीवर टाकते; खडीचा रस्ता तिने चिरत जातो. १९२७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील अधिभारावर आधारलेला केंद्रीय रस्ते निधी १९२९ मध्ये उभा राहिला. इकडे निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये राज्य रेल्वेच्याच मार्ग वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. रस्ता आता मोटारीच्या गरजेने आखला जाऊ लागला. बैलगाडी तिथे पाहुणी ठरू लागली.

९/ यावर तोडगा सुचवला गेला तो हवेच्या टायरचा. गंमत अशी की १८८८ मध्ये हा टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉयड डनलॉप हा व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता. १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला आणि बैलगाडीसाठीही रबरी टायरचा पुरस्कार होऊ लागला. पक्क्या रस्त्यावर त्याचे फायदे उघड होते : ओढ कमी, धक्के कमी, रस्त्याची झीज कमी आणि त्याच जोडीकडून अधिक माल.

१०/ तरीही शेतकरी लगेच धावला नाही. त्याला मागासलेला म्हणण्यापूर्वी त्याचा हिशेब पाहा. टायर महाग आणि ते रोख पैशाने घ्यायचे. सुतार-लोहाराचा मोबदला मात्र सुगीला धान्यात देता येई. पाणंदीत बाभळीचे काटे. पंक्चर झाले तर दुरुस्ती तालुक्याला. काळ्या चिखलात उंच, अरुंद चाक खालच्या कठीण थरापर्यंत कापत जाई. लहान, रुंद टायरला चिखल लपेटून बसे. शिवाय रस्ता वाचल्याचा लाभ सरकारला आणि मोटारवाल्यांना, खर्च मात्र शेतकऱ्याला. सुधारणेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या टायरात हवेसारखाच भरलेला होता.

११/ वाट सापडली ती जुन्या सामानाच्या बाजारात. मोडीत निघालेल्या मोटारींचे आख, चाके आणि वापरलेले टायर बैलगाडीखाली आले. बेअरिंग आल्याने वंगणाचा नळा निवृत्त झाला. कायद्यानेही हा फरक मान्य केला. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत मध्यम चणीच्या बैलाने ओढायच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, असतील तर १,०५० किलो अशी मर्यादा आहे. चाक बदलले की बैलावर कायद्याने टाकता येणारे ओझेही दीडपट झाले!

१२/ म्हणून या सुधारणेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. सहकारी साखर कारखान्यांनी ऊसतोड मजुरांना टायरच्या गाड्या पुरवल्या आणि तोडणीच्या जगात ‘टायर सेंटर’ हा शब्दच रूढ झाला. माल वाढला, फेऱ्या वाढल्या. परंतु गाडी बहुधा कारखान्याची आणि तिचे भाडे मजुराच्या माथी. बंगळूरच्या आयआयएमचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा विषय देशापुढे मांडला, तेव्हा देशात अशा गाड्या दीड कोटीच्या आसपास मानल्या जात आणि त्यांतील बहुसंख्य लाकडी चाकांच्याच होत्या. पुढे ट्रॅक्टर आला आणि गावाच्या सुताराचे चाकाचे काम जवळपास थांबले.

१३/ आज अकोला-हिंगोली-नांदेड महामार्गावरून रोज ये-जा करणारा तरुण मोटारीला मोठी अलॉय चाके घेऊ पाहतो, तेव्हा आजोबांचाच हिशेब नव्या शब्दांत मांडतो. चाक मोठे घेतले की टायरची बाजू कमी उंचीची घ्यावी लागते, नाहीतर एकूण व्यास बदलतो आणि वेगदर्शक चुकतो. पण बाजू कमी झाली की खड्ड्याचा मार थेट रिमवर. पोलादी रिम वाकले तर बरेचदा ठोकून सरळ होते; ओतीव अलॉयला तडा गेला की ते बहुधा बदलावेच लागते. बोल्टचे अंतर, तुंब्याचे माप, ऑफसेट आणि भारक्षमता जुळली नाही, तर चाक सुंदर असूनही परकेच.

१४/ दख्खनच्या चाकाने शिकवलेली गोष्ट एवढीच : चाक निवडताना आधी वाट पाहावी, मग ओझे, मग दुरुस्ती करणारा हात किती जवळ आहे ते आणि शेवटी शोभा. चाकोरीबाहेर जरूर जा. पण खालची माती कोणती आहे हे जाणून.

तुमच्या गावी चाकाच्या भागांना कोणती नावे होती? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. हे शब्द विरण्यापूर्वी नोंदवले पाहिजेत.