आगगाडीतली आग

रेल्वेला मराठीने दिलेल्या नावांपैकी जे लोकांच्या तोंडी रुळले ते ‘आगगाडी’. बोलीत आगीनगाडी. रूळ, वेग, लोखंड, धूर अशा कितीतरी गोष्टी नाव देण्यासाठी उपलब्ध असताना भाषेने आग निवडली. ‘धूमशकट’ हा पंडिती शब्द थट्टेपुरता उरला; आगगाडी मात्र डिझेल आणि वीज आल्यावरही हटली नाही. आवाजाच्या बाबतीत मराठीची निवड वेगळी दिसते. आपण मुलांना शिकवतो ती ‘झुकझुक’ ही चालत्या, पुरत्या तापलेल्या इंजिनाची आहे. थंड इंजिन झुकझुक करीत नाही. ते झुकझुक करण्याच्या अवस्थेला येईपर्यंतचे जे तास आणि जे आवाज, त्यांना आपल्या भाषेत फारशी जागा मिळालेली नाही, आणि इतिहासलेखनात तर त्याहून कमी. यवतमाळच्या शकुंतलेच्या निमित्ताने या गाळलेल्या तासांकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मूर्तिजापूर-यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा ११३ किलोमीटरचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. मुंबई-नागपूर मुख्य लोहमार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला होता, पण त्याच्या दक्षिणेला पठारावर वसलेले यवतमाळ आणि तिथला कापूस त्यापासून दूर राहिला होता. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या पुढाकाराने दारव्हा, कारंजा अशी गावे जोडत ही गाडी आली. १९५१ नंतर देशातील बहुतेक रेल्वे सरकारी झाली. हा मार्ग मात्र खाजगी कंपनीच्या मालकीचा आणि मध्य रेल्वेने चालवलेला, अशा विचित्र अवस्थेत राहिला. या मालकीविषयी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यामुळे इथे एवढे पुरे. ‘वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी बांधलेली गाडी’ हे वाक्यही नेहमी वाचायला मिळते. ते अर्धेच खरे. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांनी, युरोप खंडातील कारखान्यांनी आणि पुढे जपानने मोठ्या प्रमाणावर घेतला. मँचेस्टरहून इकडे निश्चितपणे आले ते १९२१ साली तिथे बांधलेले वाफेचे इंजिन. ते सत्तर वर्षांहून अधिक काळ या रुळांवर राबले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, कापसाचा हंगाम आणि थंडीचा हंगाम एकच. वेचणी, जिनिंग, गठाणी, वाहतूक ही सारी धावपळ दिवाळीनंतरच्या महिन्यांत होते, आणि नेमका तेव्हाच पठारावर पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. हिमप्रदेशातील वाचकाला ही थंडी हास्यास्पद वाटेल. पण वंगणाला ती कळते. रेल्वेच्या आधी, आणि रेल्वेबरोबरही, कापूस वाहिला तो बंडीने. पहाटेच्या हिवात आसातले वंगण घट्ट झाले की चाक कुरकुरू लागते आणि दोन-तीन कोस चालून आस ऊबदार झाला की आवाज मऊ होतो. यंत्र तापते तेव्हा त्याचा आवाज बदलतो, हे ज्ञान या जिल्ह्याला बैलगाडीने इंजिनाच्या कितीतरी आधी दिलेले होते.

वाफेच्या इंजिनात हेच तत्त्व फार मोठे रूप घेते. पूर्ण थंड झालेले इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. बॉयलरमधले पाणी आधी काचनळीत पाहून घ्यायचे, भट्टीत तेलकट चिंध्या आणि लाकूड पेटवायचे, त्यावर हळूहळू कोळसा चढवायचा. लहान इंजिनालाही चार-पाच तास लागावेत असे हे काम. म्हणजे सकाळच्या गाडीसाठी कोणीतरी मध्यरात्रीनंतर उठलेले असणार. घाई करता येत नाही. भट्टीचे पत्रे, नळ्या, बाहेरचे कवच हे सारे सारख्या गतीने तापत नाही, आणि एक भाग दुसऱ्याआधी प्रसरण पावला तर सांधे गळू लागतात. रात्र जितकी थंड, तितका हा फरक मोठा आणि धीर तितका अधिक हवा. रेल्वेच्या बोलीत या कामावरच्या माणसाला ‘आगवाला’ म्हणत. आगगाडीच्या नावातली आग जर कोणाची असेल तर ती याची.

त्या तासांत इंजिन मुके नसते. प्रथम तापत्या लोखंडाचे तडतडणे, मग पाण्याचा बारीक सूर, मग आधणासारखी कुजबूज. दाब पुरेसा झाला की निघण्याची वेळ येते, आणि इथे थंडी पुन्हा आडवी येते. सिलिंडर अजून गारच असतात. त्यांत शिरलेली वाफ तिथेच पाणी होते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या त्याच्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकणच फुटायचे. म्हणून सुरुवातीला सिलिंडरच्या तळच्या तोट्या उघड्या ठेवून पाणी बाहेर घालवतात. हिवाळी सकाळच्या जुन्या छायाचित्रांत इंजिनाच्या पायाशी दिसणारा पांढरा ढग तो हाच, आणि त्याबरोबरचा मोठा फुसफुसाट हाही थंड धातूचाच आवाज. तोट्या बंद होतात, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाफेचे चार ठोके पडू लागतात, आणि तिथे आपली झुकझुक सुरू होते. बालगीतांना जे आरंभ वाटते ते शेडमधल्या माणसाच्या दृष्टीने रात्रभराच्या कामाचा शेवट होता.

थंड पहाटे गाडीची शिटी दूरच्या गावांपर्यंत ऐकू येते, या अनुभवाला आपण स्मरणरंजन म्हणून बाजूला सारू नये. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, आणि अशा थरांत ध्वनी वर निघून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच शिटीला तेवढा पल्ला नसतो. हिवाळा आवाज पोहोचवीत होता आणि हंगाम आवाज निर्माण करीत होता. शकुंतलेच्या आठवणींत थंडी वारंवार येत असेल तर त्याला असे साधे भौतिक कारणही आहे.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल आले. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह टाळून पुढे जाऊ. डिझेलची भट्टी गेली, पण थंडी गेली नाही. ज्यांनी पौषातल्या पहाटे तालुक्याच्या स्थानकावर पहिल्या एसटीची वाट पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून इंधन पेटवील, असा तो प्रकार. थंड लोखंड ती उष्णता आधीच पिऊन टाकते, इंधन उशिरा आणि एकदम पेटते, म्हणून तो खडा खट्-खट् आवाज. न जळलेले इंधन पांढऱ्या धुरासारखे बाहेर पडते. घट्ट तेल वर पोहोचेपर्यंत वरचे भाग कोरडेच वाजतात, आणि गारठलेली बॅटरी सेल्फला अर्धीच ताकद देते. ‘गाडी तापू दे’ हे चालकाचे वाक्य म्हणजे आगवाल्याच्या पाच तासांचे पाच मिनिटांत उरलेले रूप. जुन्या ट्रकांना हँडल मारणे, धक्का देणे, हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे हे सारे त्याच कुळातले. लडाखच्या थंडीत तर इंधनच गोठते. तिथल्यासाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल बाजारात आणावे लागले. यवतमाळची थंडी त्यापुढे सौम्य, पण आवाजाचे व्याकरण तेच.

मराठीत इंजिन ‘घरघरते’, जातेही घरघरते, आणि माणसाला शेवटी घरघर लागते. शकुंतलेविषयी अलीकडे जे लेखन झाले त्याने यातला तिसरा अर्थ फार आवडीने वापरला. २०१० नंतरच्या दशकात ही गाडी थांबली, तेव्हापासून ती ‘गरिबांची’, ‘लाडकी’, ‘संथ’ अशा विशेषणांत गुंडाळली गेली आहे. विशेषणे खोटी नाहीत. पण ती सगळी प्रवाशाची, फलाटावरून ऐकणाऱ्याची आहेत. दुसरीकडे गॅझेटिअर आणि कंपनीचे कागद खंडी, मैल आणि रुपये मोजतात. फलाट आणि हिशेबवही यांच्यामध्ये शेड आहे, आणि तिथे बसून लिहिलेली प्रादेशिक वाङ्मयाची पाने फार थोडी सापडतात. आमच्या समीक्षेने ग्रामीण साहित्यात नांगराचे, जात्याचे, मोटेचे आवाज टिपले. भट्टीसमोर पाठ गारठलेली आणि चेहरा भाजत असलेला माणूस तिने फारसा शोधला नाही. तो शेतकरीही नव्हता आणि शहरी कामगारही पुरता नव्हता, कदाचित म्हणून.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तिकडच्या इंजिनांसाठी मध्यरात्री कोणाला चिंध्या पेटवाव्या लागत नाहीत. जुन्या मार्गावर ज्यांनी त्या पेटवल्या, त्यांतले शेवटचे लोक आज वृद्ध असतील. विद्यापीठांच्या मराठी विभागांत मौखिक इतिहासाचे प्रकल्प दिले जातात. एखाद्या विद्यार्थ्याने मूर्तिजापूरला जाऊन त्यांच्याकडून फक्त एवढे विचारून घ्यावे की, काळोखात, दाबाचा काटा न पाहता, इंजिन तयार झाले हे त्यांना कोणत्या आवाजावरून कळायचे, आणि त्या आवाजाला ते काय म्हणत.