घसारा

शाळेत पानिपताला दहा मार्क असत. पॉलिशला एकही नसे. त्यामुळे गाडीचा रंग चमकतो कसा, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. गाडी चमकली तर ‘छान ठेवलीय हं!’ आणि नाही चमकली तर ‘विकायची आहे का?’ समाजाजवळ एवढे दोनच शेरे. पण वाचकहो, या चकाकीलाही इतिहास आहे, आणि बँकेतल्या माणसाला तो चटकन कळतो. कारण तो सगळा जमाखर्चाचाच आहे.

आधी घोडागाड्यांचा जमाना. जवसाच्या तेलातलं व्हार्निश ब्रशाने थरावर थर द्यायचं आणि वाळायची वाट बघत बसायचं. त्यात आठवडेच्या आठवडे जात. पुढे मोटारी आल्या, तरी पंचाईत तीच. कारखान्यात गाडी भराभर तयार व्हायची आणि मग कुरडयांसारखी वाळत पडायची. हेन्री फोर्डने तर 1914 पासून 1925 पर्यंत आपलं ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात विकलं. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ. एकाच ताग्यातून सगळ्या मुलांचे शर्ट शिवून घेणारे आपल्याकडचे वडील आणि हेन्री फोर्ड, विचाराने एकच!

मग पहिलं महायुद्ध झालं. बंदुकीची दारू करणाऱ्या अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने 1923 साली त्याच जातीच्या रसायनापासून, म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून, झटपट वाळणारा रंग काढला. त्याचं नाव ‘ड्युको’. फवारला की वाळला. आपल्याकडे वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं गॅरेजवाल्यांच्या तोंडी मोटारीच्या रंगाला ड्युको. पण त्यात एक मेख होती. फवारलेला ड्युको मंद दिसे. घासल्याशिवाय चमकत नसे. आणि घासायचं म्हणजे वरचा थर थोडा तासायचा. रबिंग कंपाउंडचं खातं उघडलं ते असं.

मेणाचं खातं वेगळं. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नाउबा नावाचा ताड आहे. कोरड्या दिवसांत पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पानं कापून, वाळवून, झोडपून त्याची भुकटी काढतात आणि वितळवतात. हे मेण 80 अंशांच्या वर गेल्याखेरीज वितळत नाही, म्हणून उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते मानवतं. मेण रंगावर नुसतं बसतं, त्यातलं काही खात नाही. कंपाउंड मात्र रंगच खातं. मेण म्हणजे चालू खातं. कंपाउंड म्हणजे मुदतठेव मोडणं.

आता आमच्या घरची शिल्लक सांगतो. वडिलांची काळी बुलेट माझ्याकडे आहे. 1950च्या दशकात आपल्या लष्कराने 800 बुलेट मागवल्या, 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली. इंग्लंडातली मूळ कंपनी 1970 साली बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालतच राहिली. टाकीवरची सोनेरी रेघ तिथले कारागीर बारीक ब्रशाने, मोजपट्टी न लावता काढत.

वडील दर दसऱ्याला जुन्या मेणावर नवं मेण चढवीत. जुनं काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. थरांत धूळ अडकली, मेण पिवळं पडलं, आणि काळी टाकी टपरीवरच्या किटलीसारखी दिसू लागली. साफ करायला घेतली तेव्हा आई एवढंच म्हणाली, “ती रेघ जायला नको हं. ह्यांना फार आवडायची.”

शेजारच्या काकांनी थिनर सुचवला. पण ड्युको वाळतो तो त्यातलं थिनर उडून. म्हणून कितीही वर्षांनी पुन्हा थिनर लागलं की विरघळतो. टाकीवर कोणता रंग आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून टर्पेंटाइन आणलं, इंजिन गार असताना मऊ फडक्याने हलकं फिरवलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं. फडकं पिवळं होत होतं, तोवर वडिलांचे दसरे निघत होते.

मग एका कोपऱ्यावर थोडं कंपाउंड लावलं. फडकं काळं झालं. काका खूश! “बघ, केवढा मळ निघतोय!”

तो मळ नव्हता, काका. ती टाकी होती. बी.कॉम.ला ज्याचे पानभर हिशेब केले, तो घसारा मी डोळ्यांनी प्रथमच पाहिला.

मंद झालेल्या जागांवर हात अगदी हलका ठेवला. टाकीच्या कडांना रंग पातळ असतो, त्या सोडल्या. रेघेजवळ कंपाउंड नेलंच नाही. वडिलांचा गुडघा टेकायचा तिथं ती फिकी झाली आहे. तिथं फक्त नवं मेण.

चकाकी बारा आणे आली. काका म्हणाले, “आणखी एक हात मारला असतास, तर आरसा झाला असता.”

“आरसा घरात आहे,” आई म्हणाली, आणि कंपाउंडचा डबा माळ्यावर टाकायला तिने मलाच स्टुलावर चढवलं.