चित्रनलिकेचा अस्त आणि मराठवाड्यातील एक उद्योग

मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी बहुधा कापसाकडे वळते. नांदेडची उस्मानशाही गिरणी आणि १९७४ च्या कायद्यान्वये झालेले तिचे राष्ट्रीयीकरण हा विषय येथील विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्या मानाने याच विभागात वाढलेल्या व्हिडिओकॉन या विद्युत्-उपकरणांच्या उद्योगाचा उदयास्त अजून इतिहासाच्या कक्षेत म्हणावा तसा आलेला नाही. प्रस्तुत निबंधात त्याच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. ज्या यंत्रावर उद्योग उभा असतो ते यंत्रच कालबाह्य होऊ लागले, तर चालकांपुढे कोणते मार्ग उरतात, आणि या कंपनीने त्यांपैकी कोणता पत्करला?

भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. साखरधंद्यातून आलेल्या धूत कुटुंबाने त्यानंतर थोड्याच वर्षांत, जपानच्या तोशिबा कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन, रंगीत संचांचे उत्पादन हाती घेतले. तत्कालीन औरंगाबादजवळ, पैठण मार्गावरील चितेगाव हे त्याचे प्रमुख केंद्र झाले. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात देशी उत्पादकास मोठा आडोसा होता. पुढे उदारीकरणानंतर १९९५ मध्ये सॅमसंग व १९९७ मध्ये एलजी या कोरियन कंपन्या भारतात आल्या आणि तो आडोसा नाहीसा झाला. खरी कसोटी येथून सुरू होते.

या स्पर्धेस व्हिडिओकॉनने दिलेले उत्तर विस्ताराचे होते. सान्सुईसारखी परकीय नाममुद्रा परवान्याने वापरावयाची, काचेपासून चित्रनलिकेपर्यंतचे सर्व घटक आपल्याच कारखान्यांत बनवावयाचे, आणि उत्पादनाच्या प्रचंड प्रमाणामुळे खर्च खाली आणावयाचा, असे हे धोरण होते. त्याचा कळस २००५ मध्ये झाला. त्या वर्षी कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय सुमारे २४ कोटी युरोंस विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको व चीन येथील कारखाने तिच्याकडे आले, आणि मराठवाड्यात वाढलेली कंपनी चित्रनलिकांच्या जागतिक उत्पादकांत गणली जाऊ लागली.

हा व्यवहार केवळ साहस होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जुन्या तंत्राचे कारखाने स्वस्तात मिळत होते, आणि सपाट पडद्याचे संच सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. देशातील बाजारात चित्रनलिकेचे संच त्यानंतरही काही वर्षे खपत राहिले. तथापि धोक्याची चिन्हे त्याच वेळी दिसत होती. थॉमसनसारखी जुनी कंपनी हा धंदा का सोडते, हा प्रश्न व्यवहाराच्या कागदांतच दडलेला होता. २००६ च्या जानेवारीत चित्रनलिकांच्या क्षेत्रातील बलाढ्य एलजी-फिलिप्स डिस्प्लेज कंपनीच्या नेदरलंडमधील शाखेने दिवाळखोरी पत्करली. २००७ च्या अखेरीस जगातील एलसीडी संचांची विक्री चित्रनलिकेच्या संचांपुढे गेली. इटलीतील अनान्यी येथील कारखाना २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. ज्या वस्तूची मागणीच ओसरत आहे, ती स्वस्तात बनविण्याची शक्ती वाढविल्याने मागणी परत येत नाही.

येथे जपानच्या सेगा कंपनीचे उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. व्हिडिओ खेळांचे कन्सोल बनविणारी ही कंपनी सोनीच्या स्पर्धेपुढे सतत तोट्यात होती. ३१ जानेवारी २००१ रोजी तिने ड्रीमकास्ट या आपल्या यंत्राचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि यापुढे इतरांच्या यंत्रांसाठी खेळ तयार करण्याचे ठरविले. ज्यांच्याशी काल झुंज होती त्यांच्याच कन्सोलवर सेगाचे खेळ दिसू लागले. या माघारीत मानहानी होती, परंतु कंपनी जिवंत राहिली. आपले खरे भांडवल पेटीत नसून खेळ रचणाऱ्यांच्या कौशल्यात आहे, हे तिने ओळखले होते.

सेगाजवळ पेटीखेरीज खेळ होते, व्हिडिओकॉनजवळ काय होते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु अशाच प्रकारच्या माघारीचे उदाहरण चितेगावपासून फार दूर नाही. वाळूज येथे १९८५ पासून कारखाना चालविणाऱ्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर मोटारसायकल बाजारात आणली आणि २००९ मध्ये, ज्या स्कूटरने तिला नाव मिळवून दिले तिचाच धंदा सोडण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आले. वितरणाचे जाळे, नाममुद्रा व कुशल कामगार हे यंत्राहून अधिक टिकाऊ ठरू शकतात, एवढे त्यावरून दिसते. व्हिडिओकॉनजवळही ही तिन्ही साधने होती.

व्हिडिओकॉनने नवे मार्ग शोधले नाहीत असे नव्हे. खनिज तेल व दूरध्वनी या क्षेत्रांत ती उतरली. मोझांबिकमधील वायुक्षेत्राचा दहा टक्के हिस्सा विकून तिला सुमारे २४७ कोटी डॉलर मिळाले. उलट, २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या १२२ दूरध्वनी परवान्यांत तिचे २१ परवाने होते. परंतु या विस्तारास कर्जाचा आधार होता, आणि समूहातील कंपन्या परस्परांच्या कर्जास बांधल्या गेल्या होत्या. सबब एका शाखेची व्याधी दुसरीस जडली. जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपुढे २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली २,९६२ कोटींची, म्हणजे शेकडा पाचांहूनही कमी होती. जानेवारी २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती मंजुरीही रद्द केली.

या आकड्यांत धनकोंची हानी मोजता येते, कामगारांची व लहान पुरवठादारांची येत नाही. उस्मानशाही गिरणी संकटात आली तेव्हा राष्ट्रीयीकरणाचा मार्ग तरी उपलब्ध होता. व्हिडिओकॉनच्या काळी तो उरला नव्हता, व चालकांच्या निर्णयाचा भार ज्यांचा त्या निर्णयात काहीच हात नव्हता त्यांच्यावर पडला. लातूरजवळ हरंगुळ येथे २०१८ मध्ये रेल्वेडब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्यासारखे नवे उद्योग या विभागात येत असताना हा इतिहास केवळ एका कुटुंबाच्या अपयशाची कथा म्हणून वाचणे उचित नाही. चितेगावच्या कामगारांच्या स्मृती, लहान पुरवठादारांच्या वह्या आणि विक्रेत्यांचे दप्तर ही साधने नष्ट होण्यापूर्वी जमविली पाहिजेत. उद्योग केव्हा वाढवावा हे शिकविणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. कोणता उद्योग केव्हा सोडावा, आणि सोडताना त्यावर जगणाऱ्यांची तरतूद कशी करावी, हे मात्र अशा साधनांतूनच शिकावे लागेल.