ओवींतला ईस्टर

इंग्लंडांतील विख्यात संगीतकार विल्यम बर्ड याचें 'हेक दिएस' हें सहा आवाजांसाठीं रचिलेलें लॅटिन ईस्टरगीत इ. स. १५९१ मध्यें छापून निघालें. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा उल्हास त्यांत ओसंडतो. परंतु तें रचणारा मनुष्य कॅथलिक होता, आणि त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिकांची मिस्सा कायद्यानें बंद होती. ती लोक आपापल्या घरांत चोरून साजरी करीत.

याच पीडित समाजांतला टॉमस स्टीफन्स हा तरुण रोमला जाऊन १५७५ त जेझुइट झाला. त्याच्याबरोबर निघावयाचा मित्र टॉमस पाउंड पकडला गेला व स्वधर्मासाठीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत राहिला. स्टीफन्स मात्र २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोहोंचला, आणि साष्टी प्रांतांत त्यानें उरलेलें बहुतेक आयुष्य घालविलें.

येथें देखावा उलट होता. साष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें १५६७ मध्येंच पाडलीं होतीं. हिंदूंच्या पोथ्यांवर बंदी होती. नव्यानें बाटलेल्या लोकांच्या हातून जुनें पुराण गेलें, नवें मिळालें नाहीं. आपल्या ग्रंथाच्या आरंभीं स्टीफन्सनें एका ब्राह्मणाकडून हीच उणीव बोलून दाखविली आहे. ती भरून काढण्यासाठीं त्यानें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्याच्या दुसऱ्या भागांत ख्रिस्ताचें चरित्र, मरण व पुनरुत्थान आलें आहे. रविवारीं व सणाच्या दिवशीं तें देवळांत लोकांपुढें वाचलें जाई.

बर्डच्या गीतांत सहा आवाज एकमेकांत गुंफले जातात. ओवीला असा थाट नाहीं: यमकानें बांधलेले तीन चरण, मग आंखूड चौथा, आणि तेथें विसावा. पण हीच चाल ज्ञानेश्वरीची, आणि आपल्या आयाबहिणींच्या जात्यावरच्या गाण्याची सख्खी बहीण. स्वर्गास 'वैकुंठ' म्हणणाऱ्या या पुराणांतून ईस्टरचा आनंद साष्टीच्या कुणब्याच्या कानीं परका म्हणून पडला नाहीं.

तथापि एक प्रश्न मनास टोंचत राहतो. ज्याचा मित्र उपासनेपायीं तुरुंगांत पडला, त्यानेंच इतरांची उपासना मोडणाऱ्या सत्तेच्या छायेंत हे पुराण लिहिलें. त्याच्या ओव्यांची गोडी या गोष्टीचें परिमार्जन करूं शकत नाहीं. आणि ती गोष्ट आठवून गोडीही उणावत नाहीं. इतिहासाच्या वाचकानें दोन्ही जवळ बाळगावीं.

सत्तेचा पुढचा घाव भाषेवरच पडला. १६८४ मध्यें विजरईनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांतून. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास १९०७ सालीं तो रोमन लिपींत छापला, व शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ मध्यें निघाली.

आपण मात्र अद्याप स्टीफन्सला मराठीच्या स्तुतीच्या चारदोन ओव्यांपुरताच ओळखतों. त्याच्या पुनरुत्थानाच्या ओव्या एकदां मोठ्यानें वाचाव्या. राजाज्ञा विरल्या; ज्यांची भाषा सोडवूं पाहिली, त्यांच्याच चालींत तो ईस्टर अजून बोलत आहे.